दहावा वाटा जाऊबाईच्या दारात

बाजारात पाटी उतरवली की मी मावऱ्याचे, म्हणजे मासळीचे, दहा वाटे लावते. पहिला वाटा लावून झाला की तो डाव्या गुडघ्याशी सरकवते आणि त्यावर ओलं फडकं टाकते. तो देवाचा. म्हणायचं त्याला दहावा, पण लावायचा पहिला. शेवटी लावला तर त्यात उरलंसुरलं येतं. गिऱ्हाईक बोटं घालून घालून चांगलं उचलतं आणि मागे राहते ती पोट फुटलेली मांदेली. ती देवाला द्यायची नाही, असं माझे मालक सांगायचे.

बाकीचे नऊ वाटे संपले की फडकं काढून देवाचा वाटा विकायचा. त्याचे पैसे आपल्या पैशात मिसळायचे नाहीत. ते डब्यात वेगळे ठेवायचे आणि रविवारी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पिशवी फिरते तेव्हा तिच्यात घालायचे. आमच्यात याला दशांश म्हणतात.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. त्यांना झाकलेलं दिसलं की तेच पाहिजे असतं.

"मावशी, चांगला माल लपवून ठेवता होय? तो दाखवा."

"तो आत्ता न्हाय द्यायचा. देवाचा हाय."

"अरे वा! तुमचा देव मासे खातो?"

मी फडकं नीट सारते. माझ्या शेजारी बसणारी बाई मात्र तोंडाची तिखट. एकदा ती पलीकडून म्हणाली, "खात न्हाय म्हनून तर तुमाला मिळतंय. खात आसता तं शेपूट तरी उरली आसती का?"

तो माणूस हसला आणि दोन वाटे घेऊन गेला. मी खाली बघून कोळंबी नीट करत राहिले.

मालक आणि त्यांचे मोठे भाऊ एकाच होडीवर होते, होडी भावाची. होडी किनाऱ्याला लागली की मावऱ्याचे वाटे पडतात. होडीचा एक, जाळ्याचा एक, मग माणसांचे. मालक तेव्हा दारू प्यायचे. एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून प्रार्थनेला गेले, मग परत गेले, आणि दारू सुटली. कशी सुटली ते मला सांगता येत नाही. मी एकाच घरात होते तरी मला कळलं नाही. नंतर आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला. पास्टरांनी दशांशाचं शिकवलं ते मालकांना एका बैठकीत पटलं. म्हणाले, "लाकडाच्या होडीला वाटा हाय, सुताच्या जाळ्याला वाटा हाय, मंग देवाला का नको?"

भावाला ते आवडलं नाही. त्यात मालकांनी नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडायचं थांबवलं आणि पालखीची वर्गणी बंद केली. भावाने त्यांना होडीवरून उतरवलं. जाऊबाईने, म्हणजे भावाच्या बायकोने, माझ्याशी बोलणं टाकलं. घरं समोरासमोर. ती अंगण झाडायला आली की मी आत जायचे आणि मी आले की ती आत जायची. त्यात वर्षं गेली. मालक दुसऱ्यांच्या होडीवर जात राहिले.

मग ते गेले. कावीळ झाली, अलिबागला नेलं, तिथून परत आणलं ते तसंच. मंडळीच्या लोकांनी सगळं केलं. पुरायचं म्हणून भावकीतलं कोणी आलं नाही. मोठे भाऊ तेवढे आले आणि लांब कुंपणाशी उभे राहिले. माती पडून झाल्यावर मी वळून बघितलं तर नव्हते.

तेव्हापासून मला काही वाटत नाही. हे कोणाला सांगता येत नाही, कारण सांगितलं की माणसं काहीतरी करायला येतात. प्रार्थनेत बाया रडतात. मी डोळे मिटते आणि मिटलेल्या डोळ्यांच्या आत काही नसतं. पास्टर विचारतात, "ताई, शांती आहे ना?" मी आहे म्हणते. शांतीच म्हणायची ती. जेवणाची चव गेली असंही नाही. मीठ जास्त झालं तर कळतं. पण कळतं तेवढंच, पुढे काही होत नाही.

वाटे लावायचे मात्र चुकले नाहीत. हातच ते करतात. पहिला लावायचा, सरकवायचा, फडकं टाकायचं. दिवसभरात मी देवासाठी काही करत असेन तर तेवढंच. बाकी गाणी मी नुसती ओठांनी म्हणते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला मोठ्या भावजींना, म्हणजे मालकांच्या त्याच भावाला, लकवा आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांना मुली दोन, दोघी लांब दिलेल्या. दवाखान्याच्या खर्चात होडी विकली गेली. भावकीतून पहिले काही दिवस डबे आले, मग थांबले. जाऊबाईला बाजारात बसता येईना, कारण भावजींना एकटं सोडलं की ते खाटेवरून खाली यायचे. हे सगळं मला शेजारणीने सांगितलं. माझ्या दारातून मला एवढंच दिसायचं की समोर मावरं शिजत नाही. आमच्याकडे वास असला की कळतं आणि नसला तर जास्तच कळतं.

एक दिवस बाजारात नऊ वाटे गेले आणि देवाचा राहिला. ऊन उतरलं, गिऱ्हाईक संपलं. कोळंबी होती, चांगली होती. मी पाटी उचलली आणि घरी येताना समोरच्या अंगणात वळले. का वळले ते मला माहीत नाही. दया आली असं सांगता आलं असतं, पण आली नव्हती. पाय तिकडे गेले.

जाऊबाई पडवीत भावजींना पेज भरवत होती. मला बघून चमचा तसाच धरून राहिली.

"कशाला आयलीस?"

"मावरं हाय."

"आमी काय मागाया आलो व्हतो? का गावात सांगशील, यांना मी खायाला घालते?"

  पाटी खाली ठेवायची की डोक्यावर ठेवायची ते मला सुचेना.

"ने परत. तुझ्या हातचं मना नको."

"माझा न्हाय ह्यो," मी म्हटलं. "देवाचा वाटा हाय. माझ्यातला न्हाय."

तिने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, "कंच्या देवाचा?"

मी पाटी खाली उतरवली.

"बरं, आसंल कंचा बी. देवाचा आसंल तं ठेव. देवाला न्हाय म्हनाया मी कोन लागून गेली?"

मी केळीच्या पानावर कोळंबी ओतली आणि आले.

मग ते रोजचंच झालं. मी फडक्याखालचा वाटा विकायचं थांबवलं आणि तसाच नेऊन जाऊबाईच्या दारात ठेवायला लागले. रोज ती आधी विचारायची, "देवाचा ना?" मी व्हय म्हणायचे. मगच ती ताट पुढे करायची. एकदा मी व्हय म्हणायला विसरले तर ताट हातात धरून तशीच उभी राहिली. तिला ते रोज ऐकायला लागायचं. माझ्याशी दुसरं काही बोलायची नाही. पण भावजींच्या तोंडाला मावऱ्याचा रस लागला की त्यांची मान जरा सरळ व्हायची. ते मी बघितलं.

रविवारच्या पिशवीत मी काही घालेनाशी झाले. हात मात्र घालायचे, रिकामी मूठ. प्रार्थनेत शेजारी बसलेली बाई बघते म्हणून. मनात असं होतं की देवाचा वाटा देवाच्या माणसाला जातोय, फक्त दार वेगळं आहे. तेवढ्यावर मी निवांत होते.

बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या बुधवारी कंपनीत कामाला असणाऱ्या एका भावाच्या घरी होती; मंडळीत पुरुषांना भाऊच म्हणतात. चहा झाल्यावर पास्टर म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. त्या भावाने हात वर केला.

"पास्टर, आमच्याकडे पूर आला तेव्हा मदतीसाठी एक दिवसाचा पगार कापला. तो दशांशात धरायचा की नाही?"

त्याची बायको मागून म्हणाली, "कापला ना? तुम्ही कुठे दिला? हातात असता तर दिला असता का?"

सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "माझं पण सांगा. मी रोज गायीला चपाती घालते."

"आजी, गाय मंडळीची सभासद आहे का?" कोणीतरी म्हटलं आणि परत हशा झाला.

पास्टरही हसले, मग नीट बसले. म्हणाले, "दशांश वेगळा, दान वेगळं. दशांश देवाच्या भांडारात यायचा, म्हणजे मंडळीत. तो आपला नसतोच, त्यामुळे तो कोणाला द्यायचा हे आपण ठरवायचं नाही. राहिलेले नऊ भाग आपले. गरिबाला द्यायचं ते त्यातून. नाहीतर होतं काय, की आपण देवाच्या पैशाने लोकांवर उपकार करतो आणि नाव आपलं होतं."

"म्हणजे डबल झालं की," तो भाऊ म्हणाला.

"डबल नाही. एक परत करायचं असतं आणि एक द्यायचं असतं."

मी दाराजवळ चपलांच्या बाजूला बसले होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी वाटेल, भीती तरी. वाटलं नाही. फक्त उद्या फडक्याखालच्या वाट्याचं काय करायचं ते कळेना. मंडळीत दिला तर जाऊबाईला माझ्या नऊ वाट्यांतला न्यावा लागेल. त्याचं मला जड नव्हतं, मी एकटी खाणारी. पण माझ्या नऊतला म्हणजे माझा. आणि माझा ती घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना पास्टरांच्या घरी गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरी आपणहून कधी गेले नव्हते. मंडळीच्या पत्र्याच्या खोलीला लागूनच त्यांच्या दोन खोल्या. पास्टरांची बायको मुलांना जेवायला वाढत होती, भात आणि वर डाळीचं पाणी. मला बघून तिने पदराने हात पुसला आणि खुर्ची ओढली. मी खालीच बसले.

कसं बोलले ते आठवत नाही. तुकड्या-तुकड्यात सांगितलं असेल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, तुमचं येत नाही ते मला माहीत होतं. पैसे मोजायला मीच बसते. पण तुम्हाला अडचण असेल म्हणून मी बोलले नाही."

मी भाताच्या टोपाकडे बघत होते. टोप लहान होता. पास्टरांना दुसरा पगार नाही. मंडळीत माणसं थोडी, देणारी त्याहून थोडी. हे मला माहीत होतं, पण ताटात बघितलं नव्हतं.

पास्टर आले, त्यांना तिने सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले.

"ताई," ते म्हणाले, "खरं सांगतो, या प्रश्नाचं उत्तर मी देणं बरोबर नाही. मंडळीत आणा म्हणालो तर ते माझ्याच पोटासाठी म्हटल्यासारखं होतं. मला जसं शिकवलं तसं मी काल सांगितलं आणि मी ते मानतो. पण शास्त्रात एक जागा अशीही आहे, जिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायला सांगितलाय. परका माणूस असेल, अनाथ असेल, विधवा..."

ते थांबले. त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्या यादीत मीच होते हे आम्हा तिघांनाही एकदम कळलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पास्टरांना वाटलं, त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे तुम्हाला कोणी काही द्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "आम्ही कधी विचारलंही नाही."

"मला नको," मी म्हटलं. "माझं चालतंय. तिच्याकडं मी काय सांगून न्यायचं, तेवढं सांगा."

"तिला हा देवाचाच वाटा आहे असं सांगायला पाहिजे, नाहीतर ती घेत नाही. असंच ना?"

"व्हय."

"मग मी तरी काय सांगू," ते म्हणाले. "दशांश मंडळीत दिलात तर तिच्याकडे नेलेलं तुमचं. आणि ते देवाचं म्हणून सांगितलंत तर खोटं. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणणार नाही."

त्यांची बायको म्हणाली, "मी नेऊ का मंडळीतर्फे?" आणि तिनेच मान हलवली. पास्टरीण बाई रोज मावरं घेऊन दारात जाते म्हटल्यावर गाव काय बोलेल ते तिघांना माहीत होतं. बाटवायला आली म्हणतील. भावजींच्या खाटेपर्यंत तंटा जाईल.

मी उठले. तिने मला मूठभर शेंगदाणे दिले. काहीतरी द्यायचं म्हणून.

त्यानंतर बाजाराला गेले तेव्हा वाटे लावले. पहिला सरकवला, फडकं टाकलं. नऊ विकायला बसले. त्यातले आठ विकले आणि एक पाटीत ठेवला. मग फडकं काढलं आणि देवाचा विकला, पूर्वीसारखा. पैसे वेगळे बांधले. त्या दिवशी बोंबील फार आले होते, भाव पडला होता. दहा वाटे लावूनही जादा उरलेले बरेच बोंबील तसेच राहिले. ते पाटीत खाली होते.

जाऊबाई ताट घेऊन आली.

"देवाचा ना?"

व्हय म्हणणं सोपं होतं. एकच शब्द. रोज म्हणतच होते, आणि तेव्हा तो खरा होता. मी तोंड उघडलं आणि तो आला नाही. देवाची भीती वाटली म्हणून नव्हे. माझ्यात जे काही उरलंय त्यात खोटं बोलायला लागतं तेवढं बळही नव्हतं.

"न्हाय," मी म्हटलं. "आज माझा हाय. देवाचा मंडळीत द्यायला पायजे म्हनतात. ह्यो माझ्यातला."

तिने ताट खाली केलं.

"मंग ने."

मी केळीच्या पानावरचा वाटा परत पाटीत ठेवला. पाटी डोक्यावर घ्यायला वाकले तर आतून भावजींनी आवाज केला. त्यांना शब्द येत नाहीत, घशातून नुसता ओढल्यासारखा आवाज येतो. परत केला. जाऊबाई तिकडे न बघता म्हणाली, "वास आयला त्यांना."

मी वाकलेलीच राहिले. तीही उभी.  मग तिची नजर पाटीत गेली.

"खाली काय हाय?"

"बोंबील. न्हाय गेले."

"काय करशील त्यांचं?"

"टाकीन. मी एकटी किती खाऊ?"

"टाकशील?" तिचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर पूर्वीसारखी ओरडली. "कोळ्याच्या घरात राहून बोंबील टाकतंस? लग्न होऊन आयलीस तंवा तुला सुकवाया कोनी शिकवलं? तुझ्या आयशीनं?"

"तुम्हीच."

"मंग?"

"जागा न्हाय. बाजारात दिस जातो. परत राखाया कोन, कावळं नेतात."

तिने पाटीत हात घातला, एक बोंबील उचलला, कल्ला उघडून बघितला. मग मागच्या अंगणाकडे बघितलं. तिथे पूर्वी भावजींच्या होडीचे बोंबील सुकायचे. काठ्या अजून रोवलेल्या होत्या, आडव्या दोऱ्या तेवढ्या कुजून गेल्या होत्या.

"मी हितंच आसते दिसभर," ती म्हणाली. "मना कुठं जाता येतंय? कावळं बी राखीन आन ह्यांना बी राखीन. उरलेलं हिकडं टाकायचं. सुकवीन मी, इकशील तू. निम्मं तुझं, निम्मं माझं. आन ह्यो वाटा माझ्या मजुरीतला पयला धर. मंग घेते. फुकट न्हाय घ्यायची मी, तुझं न्हाय का तुझ्या देवाचं न्हाय."

"बरं."

"आन माझ्या निम्म्यातला दहावा न्हाय देनार हां कोनाला. आधीच सांगते."

"तुमच्यातला कोन मागतंय?"

"मागशील तं मार खाशील."

तिने ताट पुढे केलं आणि मी वाटा ओतला. ती आत गेली. थोड्या वेळाने विळीचा आवाज यायला लागला.

रविवारी पिशवी माझ्यापुढे आली तेव्हा मी देवाच्या वाट्याचे पैसे घातले. पास्टरांच्या बायकोने लांबून बघितलं. उपासना झाल्यावर ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाईचं काय झालं?" मी म्हटलं, "कामाला लागल्या." तिला ते समजलं नाही. तिला वाटलं असेल की कुठे नोकरी लागली. मी उलगडून सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तरी काय सांगणार? जाऊबाईकडे जातं ते आता दशांशात धरायचा प्रश्नच नाही. दानातही ते बसत नाही. तो तिच्या हाताचा मोबदला आहे, आणि मोबदला दिल्याबद्दल देवाकडे काही मिळत असेल असं मला वाटत नाही.

माझं आतलं तसंच आहे. गाणी अजून ओठांनीच म्हणते. पण रोज संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन सुकलेले बोंबील काढायला लागतात. जाऊबाई एका टोकाने येते, मी दुसऱ्या टोकाने, आणि ती सारखी माझ्या चुका काढते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे असतात. माझे सुटून पडतात, तिचे पडत नाहीत. काल ती म्हणाली, "उद्या येताना जवळा खारवाया मीठ आन. जाडं आन. बारीक आनशील तं परत धाडीन."

आज येताना मी जाडं मीठ आणलं.